पुढच्या सीटवरची बाई

आमच्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलणाऱ्यांचे दोन प्रकार होते. एक, ज्यांना स्ट्रेचरवर माणूस झोपलाय हे आठवत असायचं. आणि दुसरा, बाकी सगळे. पहिल्या प्रकारात ती एकटीच होती.

मला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी 'अरेरे' करत बसायला नको. मी हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते. तळमजल्यावर, लिफ्टला लागून, टेबल, खुर्ची, मशीन आणि मी एवढंच जेमतेम मावेल अशी खोली आहे. दार लावलं तर जीव गुदमरतो म्हणून ते सताड उघडं असतं, आणि त्यामुळे लिफ्टकडे जाणारं प्रत्येक स्ट्रेचर माझ्या कानावरून जातं. बाकीच्यांची स्ट्रेचरं लिफ्टच्या कडेवर धाडकन आदळायची, भिंतीला घासायची, वरचा पेशंट कळवळायचा. हिचं स्ट्रेचर वळणाआधी किंचित सावकाश व्हायचं, आतल्या बाजूने वळायचं आणि गुपचूप लिफ्टमध्ये शिरायचं. या बाईला चाकं कळतात, एवढं मी ओळखलं होतं. कोण आहे ते नर्सने सांगितलं.

"अगं, ती वीज! पेपरवाल्यांनी ठेवलेलं नाव. सायकलवाली नाही का, औषधं घेऊन जिंकायची? आता आपल्याकडे मावशी म्हणून लागलीय."

मी फोन तसाच हातात धरून बसले. पलीकडून कुणीतरी 'हॅलो हॅलो' करत घसा फोडत होतं. कॉलेजात असताना रेडिओवर तिच्या शर्यतीचं वर्णन लागलं की मी जेवणाचं ताट सोडून उठायचे. ती पकडली गेली त्या दिवशी मी तिला घरबसल्या अशा काही शिव्या घातल्या की शेवटी आईने रेडिओ बंद केला. आणि ती बाई आता माझ्या दारावरून रोज ये-जा करत होती!

आता माझा स्वार्थ सांगते. मी जोडसायकल चालवते. या सायकलला सीटं दोन आणि पायडलच्या जोड्या दोन असतात. पुढे दिसणारी बसते, मागे माझ्यासारखी. दोघींची पायडलं एकमेकींना साखळीने बांधलेली असतात. एकीचा पाय फिरला की दुसरीचा फिरणारच, एकीने आळस केला की दुसरीला तत्क्षणी कळणारच. माझी आधीची जोडीदारीण शाळेत खेळ शिकवायची. तिला दिवस गेले, आणि वर्षभरावर आलेल्या मोठ्या शर्यतीला मी पुढच्या सीटशिवाय राहिले. क्लबात नुसत्या हौशी मुली होत्या. चढ आला की त्यांना फुलं दिसायची.

एका दुपारी ती दारावरून रिकामं स्ट्रेचर घेऊन चालली होती. मी हाक मारली.

"मावशी, जोडसायकलच्या पुढे बसाल का?"

चाकं थांबली.

"मी कोण आहे माहितेय का तुला?"

"माहितेय. तुम्हाला पोटभर शिव्या घालून झाल्यात माझ्या. आता कामाचं बोलू."

ती हसली. पण हो म्हणाली नाही. "माझं नाव जोडलं गेलं तर तुझ्याकडेही सगळे संशयाने बघतील. आणि शर्यतीनंतर दोघींची तपासणी होते. एकीच्या नमुन्यात काही सापडलं तर दोघी बाद. तुझं वाटोळं करायला मी कशाला येऊ?"

"माझ्याकडे कोण कसं बघतं ते मला कुठे दिसतंय?" मी म्हटलं.

तिने स्ट्रेचर लिफ्टकडे ढकललं. पुढच्या रविवारी ती मैदानावर आली.

आईने घर डोक्यावर घेतलं. "जगात तुला दुसरी कुणी मिळाली नाही? त्या बाईने सगळ्या देशाला फसवलं, तुला फसवायला तिला कितीसा वेळ लागणार?" मी म्हटलं, देशाचे पाय तिच्या पायांना बांधलेले नव्हते, माझे असतील. तरी आईचं म्हणणं मला अगदीच फालतू वाटत नव्हतं, म्हणून मी एक नियम काढला. सायकलवर बसायच्या आधी तिने माझ्या तोंडासमोर फुंकर मारायची. मी वास घेणार. दारूचा पुसटसा वास जरी आला तरी मी काठी उचलून घरी जाणार, काही बोलणार नाही, विचारणार नाही.

"पोलीस परवडले," ती म्हणाली, आणि फुंकर मारली. टूथपेस्टचा वास आला. त्या दिवसापासून मी तिला 'पुढचे' म्हणायला लागले आणि ती मला 'मागचे'. 'मावशी' ही हाक हॉस्पिटलातच राहिली.

तिची कहाणी मला तिनेच सांगितली, थोडी थोडी, सरावानंतर रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून. स्वतःची लाज झाकायची सवय तिने कधीच सोडून दिली होती.

विशीत ती पैसे घेऊन शर्यती करणाऱ्या एका बड्या संघात गेली. तिथे एक डॉक्टर होता. अतिशय गोड बोलणारा, सगळ्या मुलींना 'बाळ' म्हणणारा. त्याच्याकडे एक छोटा थर्मास असायचा आणि थर्मासात सुया. 'बाळ, हे तर सगळेच घेतात. तू घेतलं नाहीस तर तूच मागे पडशील,' असं तो म्हणाला, आणि हिने दंड पुढे केला. पहिली मोठी शर्यत तिने जिंकली ती त्याच सुईवर. मग दुसरी, तिसरी. रेडिओवर मी टाळ्या वाजवत होते त्या सगळ्या.

पैसा आला तसा तो अंगात भिनला. गाड्या आल्या, बंगला आला, बंगल्यात रोज पार्ट्या आल्या. शर्यत नसेल तेव्हा दारू आणि असेल तेव्हा सुई, असा तिचा दिनक्रमच बसला. नवरा समजवायला गेला तर त्याच्या अंगावर बूट भिरकावला. शेवटी तो निघून गेला आणि जाताना कुत्रा घेऊन गेला. "नवऱ्याचं मी समजू शकते गं," ती म्हणायची, "पण कुत्र्यानेही मागे वळून बघितलं नाही." एकदा पिऊन गाडी चालवत असताना ती एका जाहिरातीच्या मोठ्या फलकावर जाऊन आदळली. फलकावर तिचाच फोटो होता, बुटांच्या जाहिरातीतला. हे सांगताना तिला इतकं हसू यायचं की मीही हसायचे.

एका सकाळी तपासणीवाले न सांगता घरी आले. ही न्हाणीघरात दडून बसली, नळ सोडून. पण तपासणीवाल्यांना वाट बघायचाच पगार असतो. नमुना घेतला आणि त्यात सगळं निघालं. त्यानंतर वर्षभर ती टीव्हीवर रडली. आधी टूथपेस्टला दोष दिला, मग खोकल्याच्या औषधाला, मग एका बिचाऱ्या प्रतिस्पर्धी मुलीला. "इतकं रेटून खोटं बोलले की मलाच खरं वाटायला लागलं होतं." पुढे तो डॉक्टर दुसऱ्याच भानगडीत पकडला गेला आणि गोड आवाजात सगळ्यांची नावं सांगून मोकळा झाला. चार वर्षांची बंदी आली. बंगला गेला, गाड्या गेल्या, टाळ्या वाजवणारे तर आधीच गेले होते. मग दोन माणसं घरी आली आणि तिची सगळी पदकं परत घेऊन गेली. तिने ती बुटाच्या खोक्यात भरून दिली. त्यांनी खोक्याची पोच दिली का, असं मी विचारलं तेव्हा ती नुसतंच "हं" म्हणाली.

त्या दिवशी ती बराच वेळ पाय हलवत बसली होती. कठड्यावर टाचा आपटत होत्या.

"मागचे, बंदी, बदनामी, सगळं गिळलं मी. एक गोष्ट गिळता येत नाही. मी सुईशिवाय एकही मोठी शर्यत केलेली नाही. म्हणजे जिंकत होतं ते कोण? मी का तो थर्मास? हे मला माहीतच नाही. चाळिशी आली आणि मला माझे पाय माहीत नाहीत."

मी हात चाचपडत तिचा गुडघा शोधला आणि त्यावर एक चापट मारली. "मला माहितेत. रोज मला ओढतात," मी म्हटलं. पण त्याने तिचं समाधान होणार नव्हतं हे मलाही कळत होतं. त्यासाठी शर्यतच जिंकायला हवी होती, आणि साध्या पाण्यावर. म्हणून तिने स्वतःचा एक नियम काढला. आमच्या बाटल्यांत पाण्याशिवाय काही नसेल. सरबत नाही, ग्लुकोज नाही, चिमूटभर मीठसुद्धा नाही.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. पहिल्या दोन महिन्यांत एकदा तिच्या फुंकरीला वास आला. मी ठरल्याप्रमाणे काठी उचलली आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ती दारावरून गेली, मी मान वर केली नाही. माझा राग वाईट असतो. तिसऱ्या दिवशी ती खोलीत आली, दार लावून घेतलं, जे मी कधी कुणाला लावू देत नाही, आणि माझ्या तोंडासमोर फुंकर मारून उभी राहिली. मी म्हटलं, "रविवारी ये." त्यानंतर तो वास मला कधीच आला नाही.

आणि पायांत जोर आला! ते मला पायडलमधून कळत होतं. सुरुवातीला चढावर तिचा पाय वरच्या टप्प्यावर अडखळायचा, मला तिला लोटावं लागायचं. थंडी सरता सरता तिचा पाय गोल फिरायला लागला, एकसारखा, कुठे गचका नाही, आणि मग मीच धापा टाकत म्हणायचे, "पुढचे, जरा मागच्या जिवाचा विचार कर!" ती वाऱ्यात ओरडून सांगायची, "विचार करतेय, म्हणून तर हळू चाललेय!"

आईसुद्धा विरघळली. आधी 'ती बाई' म्हणणारी आई आता सरावाहून यायला उशीर झाला की विचारायची, "दमली असेल ना गं ती पोर? जेवायलाच घेऊन ये." पुढची आमच्याकडे जेवायची, भांडी घासून द्यायची, आईच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्हाला पाण्याच्या बाटल्या द्यायचं काम आईने हट्टाने मागून घेतलं. आम्हीही दिलं. आई पाणीच देणार, त्यात काय चुकणार?

शर्यतीचा दिवस कडक उन्हाचा निघाला. शहराभोवतीच्या रस्त्यावर फेऱ्या होत्या, प्रत्येक फेरीत एक लांब चढ. पुढची मला रस्ता सांगत होती: "उजवं वळण... उतार... डोकं खाली... आता ढकल." निम्म्या फेऱ्या झाल्या तेव्हा आमच्या पुढे एकच जोडी उरली होती. त्या दोघी तरुण होत्या आणि त्यांची साखळी नवी होती. तेल प्यालेल्या साखळीचा आवाज मला पुढून ऐकू येत होता. आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. माझी जीभ टाळूला चिकटली होती.

"आई दिसतेय," पुढची म्हणाली. तिने जाता जाता दोन्ही बाटल्या झेलल्या, एक मागे माझ्या हातात दिली. मी तोंडाला लावली आणि पहिला घोट गिळला. गार होता. गोड होता. दुसरा घोट तोंडात होता तेवढ्यात ती किंचाळली:

"थुंक! थुंक म्हणते ना!"

मी थुंकले. तिने मागे हात करून माझी बाटली ओढून घेतली आणि दोन्ही भिरकावून दिल्या. रस्त्यावर त्या खडखडत गेल्या तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही.

"काय केलंस हे!" मी ओरडले.

"पाण्यात काहीतरी आहे. गोड आहे आणि मागून कडू. प्यायलीस का?"

"एक घोट."

पण पायडल थांबलं नाही. पुढच्या फेरीला आई दिसली तेव्हा आई बाटल्या नाचवत हाका मारत होती, "अगं घ्या गं, घ्या!" आणि आम्ही तिच्यासमोरून कोरड्या तोंडाने निघून गेलो. वर्षभर मी तिच्या तोंडाचा वास घेत होते. आता तिने नुसतं सांगितलं म्हणून मी भर उन्हात तहानेने मरायला तयार झाले होते, आणि गंमत म्हणजे मला एकदाही शंका आली नाही.

शेवटच्या चढावर माझ्या मांड्या पेटल्या. पुढची ओरडली, "मागचे, आता हिशेब नको, सगळं दे!" मी दिलं. तिने त्याहून दिलं. माझ्या पायांखालून पायडल पळत होतं आणि मी त्याच्या मागे धावत होते. ती नव्या साखळीची सरसर आधी पुढे होती. मग ती माझ्या डाव्या कानाशी आली. त्या दोघींचे श्वास मला ऐकू यायला लागले, फाटलेले. मग ती सरसर मागे गेली, आणखी मागे गेली, आणि लोकांच्या आरड्याओरड्यात बुडाली.

"संपलं! संपलं! थांब!" पुढची ओरडत होती. आम्ही जिंकलो होतो! सायकल तशीच आडवी टाकून आम्ही रस्त्यावर बसलो आणि कुणीतरी दिलेलं बंद बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

तेवढ्यात आई रडत आली. तिच्याकडून सगळं निघालं. गल्लीतल्या व्यायामशाळेशेजारच्या दुकानातून तिने 'ताकदीची पूड' आणली होती, चांगली महागातली, आणि आमच्या दोघींच्या बाटल्यांत प्रेमाने दोन दोन चमचे घातली होती. "पोरी वर्षभर नुसत्या पाण्यावर झिजतायत, मला बघवेना गं!" डबा तिच्या पिशवीतच होता. पुढचीने त्यावरचं बारीक छापलेलं वाचलं आणि एक नाव मोठ्याने म्हणाली. ते बंदी असलेल्या औषधाचं होतं.

आईने डबा हिसकावून पदराखाली घेतला. "कुणाला सांगू नका. एका घोटाने काय होतंय? हिच्या अंगात सापडलं तर तेव्हा बघू." खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मी पुढचीचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "गप्प बस. तुझी शर्यत आहे ही."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि आईच्या पदराखालून डबा काढून घेतला.

तपासणीच्या खोलीत एक टेबल होतं, पंखा होता आणि टेबलामागे एक कोरड्या आवाजाची अधिकारीण. पुढचीने डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "मॅडम, तुम्ही विचारायच्या आधी सांगते. हिच्या पोटात याचा एक घोट गेलाय, चुकून. माझ्या जिभेला लागलं, मी थुंकले. मी कोण आहे ते तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे," अधिकारीण म्हणाली. "हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं वाटलं नाही का?"

"वर्षभर टीव्हीवर असंच वाटत होतं मॅडम."

अधिकारिणीने डबा ठेवून घेतला, नमुने घेतले. बक्षीस जाहीर झालं, पण हातात दिलं नाही. निकाल येईपर्यंत थांबा म्हणाले. आई पार खचली. रोज उठून म्हणायची, मी त्या पोरीचा घात केला. पुढची येऊन तिचे गुडघे चोळायची आणि म्हणायची, "काकू, मला आजवर ज्यांनी पाजलं त्यांच्यात प्रेमाने पाजणाऱ्या तुम्ही एकट्याच." आई हसायची आणि पुन्हा रडायची. मी मात्र आतून जळत होते. जिच्या तोंडाचा मी वास घेत होते, तिला आता माझ्या पोटातला घोट बुडवणार होता.

काही आठवड्यांनी, सकाळच्या गर्दीच्या वेळी, फोन आला. कोरडा आवाज मी लगेच ओळखला.

"दोन्ही नमुने स्वच्छ आहेत," अधिकारीण म्हणाली. "डबाही तपासला. छापलं होतं त्यातलं काहीच आत नव्हतं. साखर, मैदा आणि कडवट रंग. दुकानदाराने तुमच्या आईला चक्क फसवलंय."

देव त्या लबाडाचं भलं करो! आई नंतर भांडायला म्हणून त्याच्या दुकानात गेली आणि त्याचे आभार मानून परत आली.

पण त्या क्षणी पुढची कुठल्या मजल्यावर होती कुणास ठाऊक. माझ्या टेबलावर एक बटण आहे. ते दाबलं की माझा आवाज सगळ्या हॉस्पिटलभर जातो, आणि ते फक्त आणीबाणीलाच दाबायचं असतं. मी दाबलं.

"स्ट्रेचरवाल्या मावशी, असाल तिथे ऐका. नमुने स्वच्छ आहेत. आपण जिंकलोय!"

सगळ्या लाइनी एकदम वाजायला लागल्या. वरून टाळ्या ऐकू आल्या, कुणीतरी शिट्टी मारली. मोठ्या साहेबांचा फोन आला असणार, मी उचलला नाही. मग जिन्यावरून धावत पावलं आली आणि ती माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसली. श्वास लागला होता. मला वाटलं आता नाचेल. ती रडायला लागली.

"मागचे, म्हणजे तेव्हाही जमलं असतं गं मला. सुईशिवाय. मी पायांना कधी विचारलंच नाही."

ते खरंच होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. फोन वाजत होते, वाजू दिले.

"तेव्हाचं गेलं," मी म्हटलं. "पण हे बक्षीस तुझ्या पायांचं आहे. हे परत न्यायला कुणी येणार नाही."

तिचं रडणं थांबलं. तिने नाक पुसलं.

"कुणी येणार नाही," ती हळूच म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आणि ती दारात जाऊन अख्ख्या तळमजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "ए, कुणी येणार नाही!" लिफ्टसमोर उभ्या असलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांना काय कळलं असेल कोण जाणे, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.